तरण्या पावसातला म्हातारा तारा

बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरांकडे तोंड करून असलेल्या आमच्या गावात जुलैचा पहिला आठवडा सरत आला की आबा ओसरीच्या कडेला येऊन उभे राहत, पागोळ्यांखाली हात धरत आणि पावसाची धार तळहातावर घेऊन घरात सांगत, ‘‘तरणा लागला.’’ पुनर्वसु नक्षत्रात सूर्य शिरल्यावर पडतो तो तरणा पाऊस आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी पुष्याचा लागतो तो म्हातारा पाऊस, हे आमच्याकडे शाळेत जाण्याआधीच पोरांना पाठ झालेले असते. तरणा बांध फोडतो, चिखलात उभ्या राहून रोप लावणाऱ्या बायांना कंबर सरळ करू देत नाही, मार्कंडेय नदीला शेतांत घेऊन येतो. म्हातारा रेंगाळतो, थांबून थांबून पडतो आणि थांबला असे वाटून घोंगडी खुंटीला टांगली की पुन्हा येतो.

लहानपणी मला वाटे की आबा आकाशाकडे पाहून नक्षत्र ओळखतात. पुष्कळ वर्षांनी, विज्ञानाचा शिक्षक झाल्यावर, शेतकऱ्याच्या नक्षत्राची खरी गंमत ध्यानात आली. ज्या नक्षत्राच्या नावाने आपण पेरतो, लावतो, कोळपतो, ते नक्षत्र त्या दिवसांत आपल्याला दिसतच नाही. सूर्य त्याच्याच अंगणात उभा असल्यामुळे ते सूर्याबरोबर उगवते आणि सूर्याबरोबर मावळते. ५ किंवा ६ जुलैपासून १९-२० जुलैपर्यंत, ढग बाजूला केले तरी, पुनर्वसूचे तारे दिवसाच्या उजेडात बुडालेले असतात. ते पाहायचे तर पौष-माघातल्या रात्री जागावे लागते.

मी ते पहिल्यांदा पाहिले ते खळ्यावर. भाताची मळणी लांबली होती आणि राखणीला आबांबरोबर मला पाठवले होते. पिंजराच्या गंजीला पाठ लावून आम्ही दोघे एकाच घोंगडीत बसलो होतो. आबांनी घोंगडीतून हात बाहेर काढला, पूर्वेच्या आंब्याच्या बऱ्याच वर बोट नेले आणि म्हणाले, ‘‘त्यो बघ तरणा. दोघं हाईत जोडीनं. त्यातला तांबूस हाय, त्यो मोठा.’’ मी पाहिले. शेजारी शेजारी दोन तारे होते, त्यातला एक पांढरा आणि दुसरा किंचित केशरी, चुलीतला निखारा राखेखाली गेल्यावर दिसतो तसा. आबांच्या हाताला पिंजराचा वास येत होता आणि त्यांचे बोट थोडे थरथरत होते, एवढे मला अजून आठवते.

पुनर्वसु हा शब्द संस्कृतात मुळात द्विवचनी आहे. वेदात तो एकवचनीही चालतो असे सांगण्यासाठी पाणिनीला एक स्वतंत्र सूत्र लिहावे लागले, इतकी ही जोडी जुनी आणि पक्की. पांढरा तारा तो कॅस्टर आणि केशरी तारा तो पोलक्स. मला या लेखात पोलक्सविषयीच लिहायचे आहे, कारण आबांनी तरणा म्हणून दाखवलेला तो तारा म्हातारा आहे. शिवाय त्याला एक ग्रह आहे.

म्हातारा म्हणजे काय, हे नीट सांगायला हवे, कारण इथे वर्षांचा हिशेब फसवतो. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. पोलक्सचे वय त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. तरीही सूर्य अजून भर उमेदीत आहे आणि पोलक्सची उमेद सरून गेली आहे, कारण पोलक्स जन्मतः सूर्याच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाचा होता. तारा जितका भारी, तितका त्याच्या गाभ्यातला दाब जास्त आणि तितका तो आपला हायड्रोजन घाईने जाळतो. दुप्पट शिधा घेऊन जन्माला आलेला तारा तो शिधा दसपटीहून अधिक वेगाने संपवतो. पोलक्सच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आकसला, त्याच्याभोवतीच्या थरात आग पेटली आणि बाहेरचा सारा पसारा फुगत, निवत गेला. तरुणपणी हा तारा पांढराशुभ्र असणार, जवळपास जोडीदारासारखाच. आज तो सूर्याच्या सुमारे नऊपट रुंद आहे आणि त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सूर्यापेक्षा हजारभर अंशांनी कमी आहे. तो केशरी दिसतो तो म्हणून.

फुगणे आणि वाढणे यांतला फरक मला मामाच्या गावच्या गुऱ्हाळात कळला होता. चिकोडी तालुक्यातले ते गुऱ्हाळ, थंडीची पहाट, चुलवणात चोयट्या सारणारा माणूस आणि काहिलीच्या काठावर डोळा ठेवून उभा असलेला गुळव्या. खाली जाळ वाढला की काहिलीतला रस फेसाळून काठापर्यंत चढे. बघणाऱ्या पोराला वाटे की रस दुप्पट झाला. रस तेवढाच असे, उलट वाफेने थोडा कमीच झालेला असे, पण जागा दुप्पट व्यापत असे. पोलक्सचे तसेच आहे. त्याचे आकारमान सूर्याच्या सातशे पटींहून अधिक झाले आहे आणि वस्तुमान मात्र दुपटीलाही पुरते पोचत नाही, त्यामुळे तो इतका विरळ झाला आहे की त्याची सरासरी घनता आपल्या श्वासातल्या हवेच्या तिपटीइतकीच भरते. आकाशातला तो घट्ट, ठळक ठिपका सरासरीने पाहिला तर जवळजवळ वारा आहे. गाभा तेवढा भयंकर दाट आहे.

आता ग्रहाविषयी. १९९३ साली आर्टी हॅत्झेस आणि विल्यम कॉक्रन या दोन खगोलशास्त्रज्ञांनी तीन म्हाताऱ्या केशरी ताऱ्यांविषयी लिहिले की हे तारे अतिशय संथपणे, शेकडो दिवसांच्या तालात, आपल्याकडे येतात आणि मागे जातात. ते तीन तारे कोणते, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. अल्डेबरान, आर्क्टुरस आणि पोलक्स. म्हणजे रोहिणी, स्वाती आणि पुनर्वसु. आमच्या गावातला कोणीही शेतकरी हे तीन शब्द एका दमात म्हणेल. रोहिणीत धूळवाफ पेरणी होते. आमच्या बांधाला बांध असलेले कन्नड बोलणारे शेजारी तेव्हा त्यांची म्हण म्हणून दाखवत, ‘‘रोहिणी मळे बंदरे ओणियेल्ला जोळ’’, म्हणजे रोहिणीचा पाऊस आला की गल्लीभर जोंधळा. त्यावर आबा स्वातीची आपली म्हण ऐकवत, ‘‘पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती.’’ पेरणीचे एक नक्षत्र, लावणीचे एक आणि दाणा भरण्याचे एक. तिन्हींच्या म्होरक्या ताऱ्यांचे डोलणे दूर देशीच्या दोन माणसांनी एकाच वेळी टिपले होते.

तारा डोलतो कशाने? ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता दोघेही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. ग्रहाचा फेरा मोठा, ताऱ्याचा अगदी लहान. तो लहान फेरा डोळ्यांना दिसत नाही, पण ताऱ्याच्या उजेडाची रंगपट्टी काढली तर तिच्यावर हजारो बारीक काळ्या रेषा असतात आणि तारा आपल्या दिशेने सरकला की त्या सगळ्या रेषा किंचित निळ्याकडे, दूर गेला की किंचित तांबड्याकडे सरकतात. पोलक्सच्या डोलण्याचा वेग सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस मीटर, म्हणजे ताशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटर एवढा निघाला. सांबऱ्याला उतरणारे विमान याहून वेगाने धावपट्टीला टेकते. चौतीस प्रकाशवर्षे दूर असलेल्या, साठ लाख किलोमीटरहून मोठ्या त्रिज्येच्या आगीच्या गोळ्याचा एवढा मंद वेग माणसाने केवळ रेषांच्या सरकण्यावरून मोजला, याचे मला दर वेळी नवल वाटते.

पण डोलतो म्हणजे ग्रह आहेच, असे म्हाताऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. फुगलेला तारा स्वतःही धडधडतो, त्याच्या पृष्ठभागावरचे डाग फिरत येतात आणि या घरगुती हालचाली ग्रहाच्या ओढीची हुबेहूब नक्कल करू शकतात. म्हणून वाट पाहावी लागली. कॅनडातल्या, अमेरिकेतल्या, जर्मनीतल्या दुर्बिणींची पंचवीस वर्षांची मोजमापे एकत्र ठेवल्यावर पोलक्सचा ताल त्या साऱ्या काळात ढळलेला नाही असे दिसले आणि २००६ साली दोन वेगळ्या गटांनी ग्रह जाहीर केला. गुरूच्या किमान सव्वादोनपट वस्तुमानाचा हा ग्रह ५९० दिवसांत एक फेरा घालतो आणि त्याचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे एक पूर्णांक सहा दशांश पट आहे. आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्या ताऱ्याचा उजेड निघाल्यापासून त्या ग्रहाचे एकवीस फेरे झाले आहेत.

रोहिणीचे नशीब वेगळे. तिचाही ग्रह २०१५ साली जाहीर झाला, पण २०१९ मध्ये आणखी मोजमापे जोडून पाहिल्यावर तो ताल टिकत नाही असे निघाले. स्वातीच्या डोलण्यालाही ग्रह म्हणून मान्यता मिळालेली नाही. पोलक्सविषयीदेखील २०२१ साली पुन्हा प्रश्न विचारला गेला, कारण त्याच्या अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्राचा बदलही जवळपास तेवढ्याच दिवसांच्या तालात होतो असे दिसले. मला ही शंका आवडते. ज्याला आपण फक्त दुसऱ्याच्या हलण्यावरून ओळखतो, त्याच्याविषयी वर्षानुवर्षे पुन्हा विचारत राहणे हाच प्रामाणिकपणा आहे.

या सगळ्यात माझ्या मनाला सर्वांत लागलेली गोष्ट निराळीच आहे. पोलक्स तरुण असताना, पांढराशुभ्र आणि तापलेला असताना, हा ग्रह कोणालाही सापडला नसता. तापलेल्या ताऱ्याच्या रंगपट्टीत रेषा मोजक्या असतात आणि तसा तारा स्वतःभोवती इतक्या वेगाने गरगरतो की असलेल्या रेषाही फिसकटून जातात. ओल्या पाटीवर हात फिरवल्यावर अक्षरांचे होते तसे. तारा फुगला, निवला, त्याचे गरगरणे मंदावले आणि त्याच्या रंगपट्टीवर हजारो रेषा कोरल्यासारख्या स्पष्ट उमटल्या. मग त्याच्याभोवती आधीपासून कोण फिरत होते ते वाचता आले. वजनदार ताऱ्यांचे ग्रह शोधायला खगोलशास्त्रज्ञ मुद्दाम म्हाताऱ्या ताऱ्यांकडे जातात ते यासाठीच.

हे वाचले त्या दिवशी मला आबांची शेवटची वर्षे आठवली. उमेदीत आबा कधी एका जागी दिसलेच नाहीत. पहाटे गोठ्यात, मग शेतात, दुपारी बाजाराला, संध्याकाळी कोणाच्या तरी बांधाच्या भांडणात पंच म्हणून. घरात त्यांचा आवाज येई आणि जाई. आज्जीशी ते चार शब्द धड बोलत असतील असे आम्हा नातवंडांना कधी वाटले नाही. गुडघे गेले तेव्हा ते ओसरीवरच्या पाटावर, खांबाला टेकून, दिवसभर बसू लागले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीत त्यांच्या समोर पुस्तक घेऊन बसे.

तेव्हा दिसले. आज्जी परसात गेली की आबांची मान किंचित उजवीकडे वळे. ती गोठ्याकडे आली की डावीकडे. ती माजघरात चुलीशी असली की ते खांबाला डोके टेकून मागे रेलत, म्हणजे त्यांचा कान भिंतीजवळ जाई. ते बघत काहीच नव्हते; डोळे अर्धे मिटलेले असत. सुरुवातीला मला वाटले की पाठ दुखते म्हणून ते कूस बदलतात, आणि पाठ दुखतही होतीच. पण एका उन्हाळ्यात, दुसऱ्या उन्हाळ्यात आणि तिसऱ्या उन्हाळ्यातही तेच दिसत राहिले. आज्जी मला जागेवरून दिसत नसे, पण आबांच्या मानेवरून ती कुठे आहे हे मी सांगू शकत असे आणि ते बरोबर निघे. एकदा ती शेजारणीकडे गेली आणि परतायला उशीर झाला, तर आबा दाराकडे तोंड करून तसेच बसून राहिले. समोर ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरली. ती उंबऱ्यात आल्यावर त्यांनी बशी उचलली आणि एवढेच विचारले, ‘‘पाऊस पडालाय काय भायेर?’’ बाहेर लख्ख ऊन होते.

ती चाळीस-पन्नास वर्षे त्यांच्याभोवती तशीच फिरत असणार. आबांचे गरगरणे थांबल्यावर आम्हाला ते वाचता आले.

या ग्रहाला २०१५ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने नाव दिले, थेस्टियास. ग्रीक कथेत थेस्टियसची लेक ती थेस्टियास, म्हणजे लेडा, कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या भावांची आई. आपल्याकडे पुनर्वसूची देवता अदिती, देवांची आई. ज्यांनी ते नाव सुचवले त्यांच्यासमोर अदिती असण्याचे काही कारण नाही. तरी दोन दूरच्या परंपरांनी त्याच ठिकाणी आईला आणून बसवले, हे मी वर्गात मुलांना आवर्जून सांगतो.

थेस्टियासचे पुढे काय होणार, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. तारा अजून फुगणार आहे. आपला सूर्यही सुमारे पाचशे कोटी वर्षांनी असाच फुगेल, बुध आणि शुक्र त्यात जातील आणि पृथ्वीचे काय होईल याचा निकाल अजून लागलेला नाही. तारा फुगताना वस्तुमान गमावतो, त्यामुळे त्याची पकड सैल होऊन ग्रह दूर सरकू लागतो. आणि तारा जवळ आल्यावर त्याच्या ओढीने ग्रह आत खेचलाही जातो. सरकणे आणि खेचले जाणे यांत कोण जिंकते त्यावर सगळे अवलंबून. २०२३ साली शास्त्रज्ञांनी सांगितले की गरुड तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे बारा हजार प्रकाशवर्षांवर, एका ताऱ्याने आपला ग्रह गिळल्याची चमक त्यांना दिसली आहे. त्याच वर्षी दुसरी, याच्या अगदी उलट बातमी आली. ध्रुवमत्स्यातल्या बेकडू नावाच्या ताऱ्याला हल्ला नावाचा ग्रह आहे. तो ९३ दिवसांत फेरा घालतो, म्हणजे अगदी जवळ आहे. ताऱ्याच्या थरथरण्यावरून कळले की तो गाभ्यात हेलियम जाळतो आहे, म्हणजे एकदा भरपूर फुगून, ग्रहाच्या कक्षेच्याही पलीकडे जाऊन, पुन्हा आकसलेला असायला हवा. त्या हिशेबाने हल्ला केव्हाच नष्ट व्हायला हवा होता. तो आहे. बेकडू हा मुळात दोन ताऱ्यांच्या मीलनातून झाला असेल आणि म्हणून कधी तितका फुगलाच नसेल, असा एक अंदाज आहे. मला तो पटतो.

बेकडू आणि हल्ला ही कोरियातल्या दोन पर्वतांची नावे आहेत. पहिला पर्वत उत्तर कोरियाच्या सीमेवर आहे आणि दुसरा दक्षिण कोरियाच्या बेटावर. ज्या लोकांनी ही नावे दिली, त्यांनी दुभंगलेल्या भूमीची दोन टोके एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला देऊन टाकली. सीमाभागात जन्मलेल्या, एका भाषेत घरी आणि दुसरीत बाजारात बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचताना गळ्याशी काही अडकल्यासारखे झाले.

गेल्या माघात मुलांना शाळेच्या गच्चीवर नेले होते. बेळगावच्या अक्षांशावरून पोलक्स डोक्याच्या थोडा उत्तरेला, जवळजवळ माथ्यावरून जातो, त्यामुळे मान दुखेपर्यंत मागे टाकावी लागते. शहराचा उजेड आता हिंडलग्याच्या पुढेही पसरला आहे, तरी हा तारा अजून त्यातून दिसतो. आठवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, ग्रह दिसत न्हाई, तर त्यो हाय असं कसं म्हणायचं?’’ मी तिला रेषांचे सांगितले, पंचवीस वर्षांच्या मोजमापांचे सांगितले. तिचे समाधान झालेले दिसले नाही. मग मी ओसरीवरच्या पाटाचे आणि खांबाचे सांगितले. ती बराच वेळ वर पाहत राहिली आणि मग तिने विचारले, ‘‘आणि आज्जी?’’

आबा पुष्याच्या पावसात गेले. आज्जी त्यानंतर नऊ वर्षे होती. तिच्या फेऱ्यांत खंड पडला नाही. परस, गोठा, माजघर, पुन्हा परस. पाट आम्ही उचलला नव्हता. जुलैचा पहिला आठवडा सरत आला की ती कामातून वाट काढून ओसरीवर येई, पदराला हात पुसत पाटाच्या शेजारी उभी राही आणि पागोळ्यांखाली हात धरून, घरात जो कोणी असेल त्याला विचारी, ‘‘तरणा लागला काय रे?’’